काढलेली अर्थिंगची वायर

शनिवारी दुपारी मी पंचिंग मशीनचा ट्रान्सफॉर्मर बदलला आणि त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत मला कुठेही धड बसता आलं नाही. जेवायला बसले की उठावंसं वाटे. उठले की कशासाठी उठले ते आठवत नसे. आईने दोनदा विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

ही २०१७ सालची गोष्ट, मोहाची फुलं पडायला लागली होती तेव्हाची. तलासरीच्या अलीकडे, हायवे सोडून जरा आत, पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना होता. तिथे मी इलेक्ट्रिशियन होते. कारखान्यात बायका पुष्कळ होत्या, चाळीसेक तरी असतील, पण पाना-पकड घेऊन फिरणारी मी एकटीच. आयटीआयमध्ये असतानाही आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते, त्यामुळे एकटं असण्याची सवय होती. पहिले काही महिने कारखान्यातल्या बायका मी शिडीवर चढले की काम थांबवून वर बघत. पुढे त्यांना माझी सवय झाली. पंख्याचा आवाज आला तरी मलाच हाक मारायच्या.

त्या बायकांमध्ये माझी वहिनी होती. दादाचं लग्न झालं त्याच्या पुढच्याच वर्षी मी तिच्यासाठी सुपरवायझरशी बोलले आणि तिला पंचिंगवर घेतलं. आम्ही दोघी रोज रानशेतहून चारोटी नाक्यावर यायचो आणि तिथून कारखान्याच्या गाडीने तलासरीकडे. ती माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. बोलायची कमी, हसायची जास्त. हात मात्र असा चालायचा की बघत राहावं.

पंचिंग मशीन म्हणजे दोन जाड लोखंडी पाटे. उभं ठेवलेलं पुस्तक उघडावं आणि मिटावं तसे ते उघडतात, मिटतात. एका पाट्यावर धारदार पात्यांचा साचा असतो. बाई उघड्या पाट्यांमध्ये पुठ्ठा ठेवते, हात बाहेर काढते आणि पायाने पॅडल दाबते. पाटे मिटतात, पुठ्ठा कापला जातो, पाटे उघडतात. मग बाई पुन्हा हात आत घालते, कापलेला पुठ्ठा काढते, नवा ठेवते. दिवसभर हेच. मोटर तर सतत फिरतच असते. पाटे कधी मिटायचे ते पायावर ठरतं. म्हणजे बाईचा सगळा भरवसा त्या पॅडलवर, आणि पॅडलमधून जाणाऱ्या दोन वायरींवर.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर वहिनीच्या मशीनमधून जळका वास आला आणि ते बंद पडलं. मी पॅनल उघडलं तर आतला छोटा ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता. वरचा कागद जळून त्याचे पापुद्रे सुटले होते. मोठी मोटर चारशे पंधरा व्होल्टवर चालते, पण पॅडल, बटणं, क्लचची कॉइल, ज्या गोष्टी माणसाच्या हातापायापाशी असतात, त्यांना तेवढे व्होल्ट द्यायचे नसतात. हा ट्रान्सफॉर्मर त्याचे एकशे दहा करून देतो. तो जळावा असं त्याला फारसं काम नसतं. म्हणून मी फ्यूज बघितला. फ्यूज होल्डरमध्ये फ्यूज नव्हताच. त्याच्या जागी तांब्याच्या तारांचा एक जाड पीळ बसवला होता. म्हणजे आत काहीही बिघडलं तरी हा फ्यूज उडणारच नव्हता. ट्रान्सफॉर्मर बिचारा जळेपर्यंत सोसत राहिला.

तो पीळ कोणी घातला, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्या आधी त्या मशीनला एकाच माणसाने हात लावला होता. पण तेव्हा मी तो विचार पुढे ढकलला.

स्टोअरमध्ये नवा ट्रान्सफॉर्मर होता. तो मी पत्र्यावर बसवला. त्याचे पाय बसतात तिथला रंग ब्लेडने खरवडून लोखंड चकचकीत केलं, कारण रंगावर अर्थिंग नीट लागत नाही. वरच्या बाजूला दोन फेज जोडले. खालच्या बाजूला एकशे दहाची दोन टोकं. एक टोक फ्यूजमधून पॅडलकडे, पॅडलमधून कॉइलकडे, आणि कॉइलमधून दुसऱ्या टोकाला परत. कॉइलमध्ये वीज गेली की पाटे मिटतात. हे दुसरं टोक हिरव्या वायरने मशीनच्या लोखंडाला, म्हणजे अर्थिंगला बांधायचं असतं. ते मी बांधलं. होल्डरमध्ये खरा दोन अँपिअरचा फ्यूज घातला. मीटर लावला, एकशे बारा व्होल्ट. झाकण लावलं आणि वहिनीला म्हटलं, "दाब."

तिने पॅडल दाबलं आणि फ्यूज उडाला. मशीन बंद.

दुसरा फ्यूज घातला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. एव्हाना सुपरवायझर येऊन माझ्या पाठीशी उभा राहिला होता. तो माणूस वाईट नव्हता. त्याची आई आजारी असली की तो आम्हाला सांगायचा, आणि कुणा बाईचं मूल आजारी असलं की सुट्टी द्यायचा. पण संध्याकाळी वापीला माल जायचा होता आणि गाडी दारात उभी होती.

"शू थयू, ताई?" काय झालं, असं त्याने त्याच्या गुजरातीत विचारलं. "नवीन टाकला ना?"

"वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. शोधावी लागेल."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही. पाईपमधून वायर ओढून काढायला लागेल. दोन-तीन तास."

तो पॅनलमध्ये वाकला. इलेक्ट्रिकचं त्याला थोडंफार कळायचं, आणि तेवढंच घातक होतं. "ही हिरवी काढली तर?"

मी उडालेला फ्यूज खिशात टाकला.

"काढली तर फ्यूज उडणार नाही ना?"

"नाही उडणार. पण अर्थिंग नको काढायला, साहेब."

"अगं, मशीनची अर्थिंग वेगळी आहे ना, ती मोठी पट्टी? ती राहू दे. ही छोटी काढ. सोमवारी तू आरामात शोध. आज माल जाऊ दे."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मशीनच्या सांगाड्याची अर्थिंग वेगळी होती आणि ती शाबूत होती. कुणाला शॉक बसणार नव्हता. मी आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं, पण नक्की काय, ते त्या क्षणी मला मांडता आलं नाही. पुस्तकात वाचलं होतं की हे टोक अर्थ करतात. का करतात, हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण पाच माणसं पाठीशी उभी असताना ते वाक्य काही तोंडात येईना. मी स्क्रू ढिला केला, हिरवी वायर काढली, टोकाला टेप गुंडाळली. वहिनीने पॅडल दाबलं. पाटे मिटले, उघडले. सगळे हसले.

"झालं ना गं," वहिनी म्हणाली आणि तिने पुठ्ठा उचलला.

साडेतीन वाजले होते. त्यानंतर मला दुसऱ्या शेडमध्ये बोलावलं. सुटेपर्यंत मी तिकडेच होते.

अस्वस्थपणा सुरू झाला तो परतताना गाडीत. वहिनी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तिचे हात मांडीवर होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मग पुन्हा बघितलं.

रविवारी पहाटे आईबरोबर मोहाची फुलं वेचायला गेले. खाली वाकून वेचायचं, टोपलीत टाकायचं, हाताला काम होतं पण डोक्याला नव्हतं. थोड्या वेळाने मी टोपली बाजूला ठेवली आणि काटकी घेऊन मातीत सर्किट काढायला लागले. ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, पॅडल, कॉइल. पॅडलच्या पुढची वायर लोखंडाला लागली आहे, हे तर कळलंच होतं, कारण पॅडल दाबल्यावरच फ्यूज उडत होता. तिथे मी फुली मारली. हिरवी वायर पुसून टाकली. आता काय? आता काहीच नाही, मशीन चालतं, कुणाला काही कळतही नाही. मग मी पॅडलच्या अलीकडच्या वायरीवर दुसरी फुली मारली. तीही उद्या लोखंडाला लागली तर? वीज फ्यूजमधून निघेल, दुसऱ्या फुलीशी लोखंडात उतरेल, पहिल्या फुलीशी लोखंडातून वर चढेल आणि थेट कॉइलमध्ये जाईल. पॅडलला वळसा घालून. पाय वर असताना पाटे मिटतील.

हिरवी वायर असती तर पहिल्याच वेळी फ्यूज उडून मशीन बंद पडलं असतं. ते तर पडतच होतं. तीनदा पडलं. त्याचं तोंड मी बंद केलं होतं.

आणि त्या दोन्ही वायरी एकाच पाईपमधून जात होत्या.

"काय काढतेस?" आईने विचारलं.

"कामाचं," म्हटलं आणि पायाने पुसलं.

कारखान्याला सुट्टी होती, म्हणजे त्या दिवशी तरी मशीनवर कुणी नव्हतं. हे मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला सांगावं म्हणून मी दोनदा तिच्यापाशी गेले. एकदा तिने मला चिमटे धरायला दिले, एकदा मी नुसतीच परतले. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की काल तीन तास तू ज्यात हात घालत होतीस ते मी तसं सोडलं होतं?

शेवटी मी डहाणूला काकांकडे जायला निघाले. काका म्हणजे आमच्या कारखान्यातले आधीचे इलेक्ट्रिशियन. मला हाताशी धरून सगळं शिकवलं ते त्यांनी. मशीनपाशी गेल्यावर आधी मेन बंद, मग मीटर, मग हात, हे त्यांचंच. दिवाळीत ते काम सोडून घरी बसले. फोन लावला तर उचलला नाही, म्हणून थेट गेले. रानशेतच्या रस्त्यावर जीप मिळाली, ती गच्च भरेपर्यंत हलेना. मी उतरून चालायला लागले, पुढे त्याच जीपने मला पुन्हा उचललं. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, चालून कुठे पोचणार होतीस?"

काका दारातच खुर्चीत बसले होते. एका डोळ्यावर हिरवी झापड. आठवड्यापूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. फोन बघू नका, वाकू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मला बघून त्यांना फार आनंद झाला. काकूंनी चहा टाकला. मी चहाची वाट न बघता सगळं सांगितलं. जळलेला ट्रान्सफॉर्मर, तारांचा पीळ, उडणारे फ्यूज, काढलेली वायर.

त्यांनी खुर्ची जराशी पुढे ओढली. मग म्हणाले, "तो पीळ माझा."

"मला वाटलंच होतं," मी म्हटलं. खरं तर तो त्यांचा नसेल, असंच मला वाटून घ्यायचं होतं.

"मध्येमध्ये फ्यूज उडायचा. दिवसातून एकदा, कधी दोनदा. शोधला, सापडला नाही. आज लागतंय, उद्या नाही. पहिल्यांदा मीपण तेच केलं पोरी, तुझ्यासारखं. ती हिरवी काढून ठेवली. महिनाभर चाललं." त्यांनी झापडीच्या कडेला बोट लावलं आणि काकूंनी आतून "हात नाही" म्हटल्यावर खाली घेतलं. "मग एक दिवस त्या मशीनवरची बाई म्हणाली, काका, हे आपोआप मिटलं. मी म्हटलं, पाय पडला असेल तुझा. ती म्हणाली, नाही पडला. मी तिला खोटं पाडलं सगळ्यांसमोर. पण मनात भीती बसली. दुसऱ्या दिवशी हिरवी परत जोडली. जोडली की पुन्हा फ्यूज उडायला लागला. मग पीळ घातला."

"ती बाई कुठे आहे?"

"गेली सोडून. पंचिंगवर उभी राहीना. त्यांनी तिला घरी पाठवलं." मग म्हणाले, "हात शाबूत घेऊन गेली. तेवढं बरं."

मला त्यांचा राग आला होता, आणि तो कसा दाखवायचा ते कळत नव्हतं. ज्या माणसाने मला पक्कड धरायला शिकवली त्याच्या अंगणात बसून मी कपातला चहा नुसता हलवत होते. त्यांनीच पुढे सांगितलं, "मशीनच्या खाली पाईप जिथे आत शिरतो ना, तिथे बघ. त्या भोकाला रबर नाही. पत्र्याची कड वायरला घासत असणार. मशीन हादरतं तशी. मला वाकून बघायचा कंटाळा आला होता. खरं सांगतो, कंटाळाच." मग ते उठायला लागले. "थांब, मी उद्या येतो तुझ्याबरोबर."

काकू बाहेर आल्या आणि त्यांना खांद्याला धरून परत बसवलं.

निघताना ते म्हणाले, "तू सांगून टाक त्यांना की पीळ माझा होता. माझं नाव घे."

मी हो म्हटलं.

सोमवारी चारोटी नाक्यावर गाडीत बसल्यावर मी वहिनीला सांगितलं. गाडी विवळवेढ्याला आली होती, यात्रेच्या दुकानांसाठी बांबू पुरायचं काम रस्त्याकडेला चाललं होतं, आणि सगळ्या बायका त्याच बाजूला बघत होत्या. मी हळू आवाजात सांगत गेले. वायर काढली तेव्हा मला नीट कळलं नव्हतं, आता कळलंय, आज तू त्यावर उभी राहू नकोस.

ती माझ्याकडे न बघता ऐकत होती. मग म्हणाली, "शनिवारी तुला ठाऊक होतं?"

"पूर्ण नाही. पण बरोबर नाही एवढं ठाऊक होतं."

"मग मला का नाही म्हणालीस?"

"सगळे उभे होते."

"मी पण उभी होते तिथेच," ती म्हणाली.

गाडी पुढे बरीच गेल्यावर तीच पुन्हा बोलली, आवाज अगदी सपाट. "सुटायच्या आधी एकदा ते मिटलं. माझा पाय वर होता. मी खालचा गठ्ठा उचलायला वाकले होते म्हणून हात बाहेर होते. मला वाटलं, मलाच भास झाला. कुणाला बोलले नाही. म्हटलं, नणंदेने आत्ताच दुरुस्त केलंय, तिच्यावर येईल."

मला तिचा हात धरावासा वाटला, पण तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

कारखान्यात पोचल्यावर मी डबाही न ठेवता थेट शेडमध्ये गेले. पंचिंगचा मेन स्विच खाली ओढला आणि माझ्या पेटीचं छोटं कुलूप त्याच्या दांडीत अडकवलं. किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला. सुपरवायझर आला तोपर्यंत मी जमिनीवर आडवी होऊन मशीनखाली टॉर्च मारत होते.

"आधी माल काढू, मग शोध," तो म्हणाला.

"नाही साहेब."

"अगं, शनिवारी चाललं ना मस्त."

"शनिवारी ते आपोआप मिटलं. विचारा तिला."

वहिनी खांबापाशी उभी होती. तिने नुसती मान हलवली. तिच्याभोवती आणखी चार-पाच बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एकही आपल्या मशीनवर गेली नाही. सुपरवायझरने त्यांच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

काकांनी सांगितलं होतं तिथेच होतं. पाईप आत शिरतो त्या भोकाची कड सुरीसारखी होती. मी वायरी वाकवून बाहेर घेतल्या. एकीचं प्लॅस्टिक बोटभर लांब सोलवटलं होतं, तांबं काळं पडलेलं. दुसरीवर नखाएवढी चीर होती, आतलं तांबं नुकतंच दिसायला लागलं होतं.

"एवढंच?" सुपरवायझर वाकून म्हणाला. "टेप मार आणि चालू कर."

तेव्हा मला पहिल्यांदा त्याचा राग आला, आणि रागामुळे शब्द सापडले. मी म्हटलं, "थांबा, दाखवते. सगळे लांब व्हा, त्या पिवळ्या पट्टीच्या मागे."

वायरी जिथून काढल्या होत्या तिथेच परत बसवल्या, दोन्ही उघड्या जागा कडेवर टेकवून. पाट्यांमध्ये एक पुठ्ठा ठेवला. पॅडल उचलून बाजूला, सगळ्यांना दिसेल असं स्टुलावर ठेवलं. मी एकदा मागे वळून सगळे लांब आहेत याची खात्री केली, मग कुलूप काढलं, मेन वर केला आणि मोटरचं बटण दाबलं. मोटरने वेग घेतला. एक क्षण काही झालं नाही. मग मशीन जरासं हादरलं आणि पाटे मिटले. उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा. पॅडल स्टुलावर तसंच होतं. पुठ्ठ्याचे तुकडे खाली पडत होते.

मी मेन ओढला. मोटर घरघरत थांबली. शेडमध्ये बाकीची मशीनही बंद होती, हे तेव्हा जाणवलं.

मग मी पॅनल उघडून हिरवी वायर पुन्हा जोडली. बाकी काही बदललं नाही, वायरी तशाच कडेवर. नवा फ्यूज घातला. मेन वर केला. पॅनलवरचा दिवा लुकलुकला आणि विझला. मोटरचं बटण दाबलं तर तीसुद्धा सुरू झाली नाही. मशीन लोखंडाच्या ढिगासारखं गप्प.

"फ्यूज उडाला," मी म्हटलं. "हा उडतो तेव्हा तो आपलं काम करतो, साहेब. शनिवारी तीनदा त्याने तेच केलं."

वहिनी पट्टीच्या मागून म्हणाली, "परत दाखव."

मी फ्यूज बदलून परत दाखवलं. दिवा लुकलुकला, विझला. ती बघत राहिली. मग वळून पाणी प्यायला गेली.

सुपरवायझरने रुमालाने तोंड पुसलं. "मला हे असं माहीत नव्हतं," तो म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मलाही शनिवारी जेमतेमच माहीत होतं. काकांचं नाव घ्यायचं होतं, पण मी म्हटलं एवढंच की फ्यूजच्या जागी जुना पीळ होता आणि तसले पीळ बाकीच्या मशीनमध्येही असतील. तेव्हा मला वाटलं मी काकांना सांभाळतेय. आता वाटतं, त्यांचं नाव घेतलं असतं तर माझंही सगळ्यांसमोर मोठ्याने घ्यावं लागलं असतं, की शनिवारी हिरवी वायर काढली ती मी.

दुरुस्तीला अकरा वाजले. पाईपमधल्या दोन्ही वायरी नव्या ओढल्या. भोकाची कड कानसीने घासली आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिच्यावर बसवला. ट्रान्सफॉर्मरचं टोक अर्थिंगला बांधून मीटरने दोनदा तपासलं. फ्यूज खरा. पॅडल दाबलं, पाटे मिटले. पॅडल सोडलं, थांबले. मी स्वतः शंभरेक पुठ्ठे कापले. वहिनीइतका हात चालत नव्हता, पण कापले. प्रत्येक वेळी हात आत घालताना दंडावर काटा येत होता, आणि हे ती रोज हजार वेळा करते, हे मला तेव्हा कळलं. तोपर्यंत मी त्या मशीनकडे फक्त मागच्या बाजूने, पॅनलच्या बाजूने बघितलं होतं.

त्या आठवड्यात मी उरलेली तीन पंचिंग मशीन उघडली. एकात पीळ निघाला. दुसऱ्यात अर्थिंगची वायर होती, पण रंगावरच आवळलेली, म्हणजे नसल्यासारखीच. तिसरं ठीक होतं. सुपरवायझरने फ्यूजचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

वहिनी त्या मशीनवर परत गेली नाही. तिने चिकटवण्याच्या टेबलावर काम मागून घेतलं. माझ्याशी ती चार दिवस बोलली नाही. घरात हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती मुळातच कमी बोलायची. पाचव्या दिवशी जेवताना तिने माझ्याकडे मीठ मागितलं, मग नदीच्या वाटेवर कुणाची म्हैस व्याली ते सांगितलं. पुढे आम्ही पूर्वीसारख्याच गाडीत शेजारी बसायचो. पण मी काही दुरुस्त करून "झालं" म्हटलं की ती विचारायची, "खरं झालं?" आणि हसायची नाही.

माझी चुळबूळ काही गेली नाही. महिनोन्‌महिने मी काम संपवून निघायचे आणि फाटकातून परत फिरायचे. स्क्रू आवळला का? टेप नीट लागली का? बायका आता काहीही झालं की सांगायला यायच्या. हाताला मुंग्या येतात, आवाज वेगळा येतो, काल एकदा अडकलं. पुष्कळदा काहीच नसायचं. तरी मी प्रत्येक वेळी मेन बंद करून उघडून बघायचे. सुपरवायझर वैतागायचा, पण थांबवायचा नाही.

काकांकडे मी त्यानंतर एकदाच गेले. डोळा बरा झाला होता. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "नाव घेतलंस?" मी नाही म्हटलं. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि काकूंना म्हणाले, "बघ, घेतलं नाही तिने." ते कौतुकाने म्हणाले की दुःखाने, मला कळलं नाही.

दादाला आम्ही दोघींनीही बरेच महिने काही सांगितलं नव्हतं. पावसाळ्यानंतर एकदा तो अंगणात बसून कोयत्याला धार लावत होता, तेव्हा मीच सांगितलं. सगळं, वायर काढल्यापासून. वहिनी आत भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती. दादाने कोयता खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "आता ते मशीन ठीक आहे ना?"

"काल शनिवारी बघितलं तेव्हा ठीक होतं," मी म्हटलं. "उद्या गेले की परत बघते."

आतून पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज आला.